तीन सॉफ्टवेअर आणि अर्धा इंच माया

भोंग्याने ठरवलं ते एवढंच, की घ्यायच्या आधी तीन ठिकाणी भाव विचारायचा. यात काय चुकलं सांगा. माणूस साधी चप्पल घ्यायला गेला तरी तीन दुकानं फिरतो. फरक एवढाच, की चप्पलवाला पायाचं माप विचारतो, पद विचारत नाही.

भोंगा हे काही त्याचं खरं नाव नाही. पंचवीस वर्षं तो सभागृहांत स्पीकर, माईक आणि भिंतीवर चित्र टाकायची मशिनं बसवतोय, आणि त्याचा स्वतःचा आवाज त्याच्या दुकानातल्या कुठल्याही मालापेक्षा मोठा, म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. तो फोनवर बोलायला लागला की शेजारीण टीव्हीचा आवाज वाढवते आणि थोड्या वेळाने कंटाळून टीव्ही बंदच करते. (भोंग्याचं भांडण बघायला वर्गणी लागत नाही.)

त्याची कामाची पद्धत अशी. रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहायचं, एक टाळी वाजवायची, डोळे मिटायचे. मग डोळे उघडून म्हणायचं, "चार. दोन तिकडं, दोन इकडं." संपलं डिझाईन. पंचवीस वर्षांत एकही स्पीकर त्याने दुसऱ्यांदा हलवला नव्हता. पण ही गोष्ट कागदावर कशी लिहायची ते त्याला येत नव्हतं आणि कुणी लिहायला सांगितलंही नव्हतं.

आता सांगितलं. शाळेचा नवीन हॉल बांधून झाला आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंनी, फळ्यावर नोटीस लावली. स्पीकरच्या कामाचं कोटेशन शनिवारी अकरा वाजता. सोबत कॉम्प्युटरवर केलेलं डिझाईन, मापासकट, कागदावर. हाताने काढलेलं चालणार नाही. जुन्या हॉलचं काम भोंग्याचंच होतं. तो शाळेत गेला आणि म्हणाला की मी टाळी वाजवून सांगतो. मोठ्या बाई म्हणाल्या की टाळी फाईलला लावता येत नाही.

हे काम गेलं असतं तर दुकान गेलं असतं, आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. दुकान गेलं तर पुढे काय, तेही माहीत होतं, कारण मेहुणा ते दर आठवड्याला येऊन सांगत होता. मेहुण्याचं सिमेंटचं दुकान आहे. "दाजी," तो म्हणायचा, "माझ्या गल्ल्याशेजारी एक खुर्ची रिकामी आहे. बसायचं, पोती मोजायची. आवाज करायचं काम नाही." भोंग्याला त्या खुर्चीची स्वप्नं पडायची. स्वप्नात खुर्चीला गादी असायची आणि मेहुणा पंखा बंद करायचा.

कारण मेहुण्याला ती खोडच आहे. कुठलंही बटण चालू दिसलं की बंद करायचं. स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना तो पंखा बंद करतो. दुसऱ्याच्या घरी गेला तर निघताना दिवे बंद करून जातो, आणि वर वाटतं की आपण उपकार केले. हे लक्षात ठेवा.

तर भोंग्याने डिझाईनचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या पहिल्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक मुलगी. आवाज असा गोड की भोंगा आपसूक शर्टाची बटणं लावायला लागला. तिने किंमत सोडून सगळं विचारलं. नाव काय, कंपनीचं नाव काय, कंपनीत माणसं किती, वर्षाला उलाढाल किती. शेवटी विचारलं, "आणि सर, आपलं पद?"

"मालक," भोंगा म्हणाला. हा शब्द त्याने एवढ्या जोरात म्हटला, की पडद्यापलीकडे बायकोच्या मशीनचा दोरा तुटला.

पडदा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. घराच्या पुढच्या खोलीचे दोन भाग. मध्ये जुनी चादर टांगलेली. अलीकडे भोंग्याचं दुकान, पलीकडे बायकोचं शिवणकाम. शाळेचे गणवेश तिच्याकडेच शिवायला असतात. बाई बोलायला कमी, पण तिचा हिशोब असा, की कापड बघून ती सांगते यात किती सदरे बसतील आणि चिंध्या किती उरतील. भोंगा घरात ओरडतो आणि ती घर चालवते, अशी कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली.

तीन दिवस भोंगा फोनवर होता. पहिल्या कंपनीचं सॉफ्टवेअर वर्षाला साठ हजार. दुसरीचं महिन्याला फक्त दोन हजार. हे "फक्त" ऐकून त्याला त्या माणसाच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग माणूस सांगायला लागला, की स्पीकरची यादी पाहिजे असेल तर महिन्याला आठशे वेगळे. वायरचा नकाशा पाहिजे असेल तर बाराशे. कागदावर छापायचं असेल तर पाचशे. भोंग्याने विचारलं, मग दोन हजारात काय मिळतं? माणूस म्हणाला, सर, दोन हजारात ते उघडतं. शिवाय शिकवणीचे एकदाच नऊ हजार. तिसरीचं एकदाच एक लाख चाळीस हजार, मग जन्मभर तुमचं. फक्त दरवर्षी अठरा हजार देखभालीचे. आणि तुमचा कॉम्प्युटर फार जुना आहे, सर, तो नवीन घ्यावा लागेल, पंचावन्न हजार. म्हणजे बैल घ्यायला गेलो तर विकणारा म्हणतो गोठा पण बांधा.

भोंग्याने फोन आपटला आणि पडद्याच्या दिशेने बोलायला सुरुवात केली. या लोकांना लाज कशी नाही, उघडायचे पैसे घेतात, उद्या बंद करायचे पण घेतील, असं सगळं. बायकोने मशीन थांबवलं, कापडाचे बेत काढायचा खाकी कागद जमिनीवर पसरला, टेलरच्या खडूने तीन रकाने पाडले आणि म्हणाली, सांगा एकेक.

पहिल्याचे वर्षाचे साठ. दुसऱ्याची सगळी लचांडं मिळवून महिन्याला साडेचार हजार, वर्षाचे चोपन्न, अधिक शिकवणी नऊ, म्हणजे त्रेसष्ट. "फक्त"वाला पहिल्यापेक्षाही महाग निघाला. तिसऱ्याचा आकडा तिने लिहिला आणि त्यावरून हात फिरवून पुसून टाकला.

मग तिने विचारलं की वर्षात हॉल किती करता. भोंगा म्हणाला पंधरा. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. भोंगा म्हणाला, बरं, दहा. ती पाहतच राहिली. शेवटी आकडा तीनवर येऊन थांबला. "त्यातला एक तुमच्या मावसभावाचा, फुकट," बायको म्हणाली. तरी तिने तीन धरले. साठ हजार भागिले तीन, एका हॉलमागे वीस हजाराचं सॉफ्टवेअर. एका हॉलमागे भोंग्याला सुटतात बारा हजार.

"म्हणजे प्रत्येक हॉलला आपण पदरचे आठ हजार घालायचे," ती म्हणाली, "आणि वर जाऊन शिडी चढायची."

भोंग्याने तो भागाकार स्वतः दोनदा करून पाहिला. आणि मग त्याला ती कल्पना सुचली. (त्याला कल्पना सुचली की घरात काहीतरी जळतं असा अनुभव आहे.) तिन्ही कंपन्या सॉफ्टवेअर आठवडाभर फुकट वापरून बघायला देत होत्या. काम एकच, हॉल एकच. मग घ्यायचं कशाला? आठवड्यात डिझाईन करायचं, छापायचं, आणि तिघांनाही राम राम. सगळ्यात स्वस्त सॉफ्टवेअर कुठलं, तर न घेतलेलं. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला, की त्या संध्याकाळी कुणावरच ओरडला नाही. शेजारीण विचारायला आली की बरं आहे ना सगळं.

सोमवारी नवराबायको हॉल मोजायला गेले. भोंग्याकडे मोजायची पट्टी नव्हती, त्याला कधी लागलीच नव्हती. बायकोने गळ्यातला टेप काढला. शिवणकामाचा टेप साठ इंच, म्हणजे पाच फूट. हॉलची लांबी भरली बारा टेप, रुंदी आठ टेप. साठ फूट गुणिले चाळीस. ती वाकून मोजत होती तेवढ्यात भोंग्याने सवयीने टाळी वाजवली आणि डोळे मिटले. आणि त्याचं तोंड कडू झालं. टाळी मागच्या भिंतीला आपटून परत आली, पुढच्या भिंतीला आपटली, पुन्हा गेली, जशी काय तिला दार सापडत नव्हतं. गुळगुळीत रंगवलेल्या उघड्या भिंती. तो रागाने म्हणाला, इथं स्पीकर नाही, कापड पाहिजे. बायको म्हणाली, काय? त्या घुमण्यात तिला कळलंच नाही. तो म्हणाला, जाऊ दे, त्यांना कॉम्प्युटरचं पाहिजे ना, कॉम्प्युटरचंच देऊ.

घरी येऊन त्याने एकामागे एक तिन्ही सॉफ्टवेअर उघडली. पहिल्यात डिझाईन झालं, पण कागदभर आडवी करडी अक्षरं उमटत होती, "चाचणीपुरतं, व्यवहारासाठी नाही". दुसरं उघडलं, तेवढंच. तिसऱ्यात सगळं व्यवस्थित होत होतं, भिंती, स्पीकर, वायरी, एक फूटही इकडेतिकडे नाही, आणि छापायलाही मनाई नव्हती. फक्त एक गोष्ट नव्हती. केलेलं काम साठवून ठेवता येत नव्हतं. कॉम्प्युटर बंद केला की सगळं पुसलं.

आणि घरात प्रिंटर नव्हता. झेरॉक्सवाला म्हणाला, शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून प्रिंटर घेऊन येतो, त्याआधी जमणार नाही. कॉम्प्युटरच्या काचेचा मोबाईलवर फोटो काढून पाहिला तर हॉलच्या मधोमध भोंग्याचंच तोंड, काचेत पडलेलं, तेही ओरडताना. मोठ्या बाईंना ते मापासकट देऊन उपयोग नव्हता.

म्हणजे मंगळवारी झालेलं डिझाईन शुक्रवारच्या दुपारपर्यंत कॉम्प्युटरच्या पडद्यावर जिवंत ठेवायचं होतं. एवढंच. यात अवघड काय? अवघड होतं घराचं वायरिंग. ते भोंग्याने स्वतःच्या हाताने केलं होतं. म्हणजे अठरा वर्षांपूर्वी अर्धं केलं होतं आणि उरलेलं रविवारी करतो म्हणाला होता. दुसऱ्यांच्या हॉलमध्ये त्याची वायर दिसत नाही, स्वतःच्या घरात दिसत नाही असा कोपरा नाही. कॉम्प्युटर आणि बायकोची इस्त्री एकाच लाईनवर. इस्त्रीसोबत दुसरं काही चाललं की फ्यूज गेलाच. बॅटरी होती, ती कुणाला तरी भाड्याने दिली होती आणि कुणाला ते आठवत नव्हतं.

भोंग्याने हुकूम काढला. शुक्रवारपर्यंत इस्त्री बंद. मिक्सर बंद. पाण्याची मोटर बंद. बायकोने शांतपणे सांगितलं की बावीस गणवेश शनिवारी शाळेत द्यायचेत, इस्त्री करून. भोंगा म्हणाला, बावीस गणवेश मोठे की नवऱ्याचा धंदा मोठा? यावर तिने जो चेहरा केला तो पाहून भोंग्याला वाटलं, प्रश्न जरा सांभाळून विचारायला पाहिजे होता.

ती शेजारणीकडे जाऊन इस्त्री करू लागली. बावीस गणवेश दोन दिवस डोक्यावरून गेले आणि आले, आणि येता-जाता तिने शेजारणीला सगळं सांगितलं, म्हणजे आळीला सांगितलं. पाणी बादल्यांनी भरावं लागलं. भोंग्यानेच भरलं, कारण बायको म्हणाली मोटर तुम्ही बंद केली, आता मोटर तुम्ही. भाजीत वाटण पडेना. जेवण समोर आलं की भोंगा ताटाकडे बघायचा, काही बोलायला तोंड उघडायचा, पडद्यावरच्या डिझाईनकडे बघायचा आणि गिळायचा. आयुष्यात इतका राग त्याने पहिल्यांदाच गिळला. पचला नाही.

मेन स्विचखाली खुर्ची टाकून तो तीन दिवस बसून होता. कुणी बटणाकडे हात नेला की खेकसायचा. स्विचवर त्याने पुठ्ठा टांगला, "हात लावाल तर याद राखा". आंघोळीला जातानाही पळत जायचा आणि अर्धा ओला परत यायचा.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता मेहुणा आला. बसला, पाणी प्यायला, खुर्चीचा विषय काढला. भोंगा म्हणाला, अजून मी मेलो नाही. मेहुणा म्हणाला, तसं नाही दाजी, पण खुर्ची अजून किती दिवस अडकवून ठेवू, दुसरा एक जण मागतोय. शब्दाला शब्द वाढला. तेवढ्यात बाहेर झेरॉक्सवाल्याची हाक आली, की दुपारी नक्की येतो, पण प्रिंटर उचलायला माणूस पाहिजे. भोंगा दारात गेला. गेला तो तिथेच झेरॉक्सवाल्यावर तडकला, की प्रिंटर तुझा, उचलू मी? दोन मिनिटं. फार तर तीन.

इकडे मेहुण्याला रागाने निघायचं होतं. पण निघताना त्याने खोलीवर नजर टाकली. खोलीत कुणी नाही आणि कॉम्प्युटर चालू. दिवा चालू. त्याचा जीव कळवळला. पुठ्ठा त्याने वाचला, आणि त्याला वाटलं की हा गिऱ्हाइकांसाठी आहे, आपण घरचे. एकेक बटण कशाला शोधा, म्हणून त्याने मेन स्विचच खाली ओढला आणि मागच्या दाराने निघून गेला.

भोंगा आत आला. कॉम्प्युटरचा पडदा काळा. त्यात त्याचं तोंड.

तो ओरडला नाही. हे सगळ्यात भयंकर होतं. ते डिझाईन काढायला अख्खा मंगळवार गेला होता. तो खाली बसला. बायको पडद्याआडून आली, पुठ्ठ्याखालचा ओढलेला स्विच पाहिला, आणि आपल्या भावाला ओळखत असल्यामुळे तिने काही विचारलं नाही. भोंगा बारीक आवाजात म्हणाला, "त्याला सांग, गादी मऊ नको. मला मऊ सोसत नाही."

बायको कपाटाकडे गेली आणि एक गुंडाळी घेऊन आली. गुरुवारी तो आंघोळीला गेला असताना तिने कॉम्प्युटरच्या काचेवर बटर पेपर धरून सगळं डिझाईन पेन्सिलीने उतरवून घेतलं होतं, गळ्याची नक्षी उतरवतात तसं. अठरा वर्षं या घराच्या वायरिंगबरोबर संसार केला होता तिने, तिला काय भरवसा. एका टेपाला एक इंच असं माप बरोबर बसत होतं, बारा इंच लांब, आठ इंच रुंद. "पक्कं करून ठेवते," ती म्हणाली आणि पेन घेऊन बसली.

झेरॉक्सवाला दुपारी प्रिंटर घेऊन आला, त्याला बिनसाखरेचा चहा पाजून परत पाठवला.

शनिवारी अकरा वाजता नव्या हॉलमध्ये टेबल टाकलं होतं. एका बाजूला दुसरा स्पीकरवाला. तो टाय लावतो, म्हणून त्याला सगळे टायवालाच म्हणतात. त्याच्याजवळ चकचकीत रंगीत छापील डिझाईन, बारा स्पीकरांचं. भोंग्याचा शर्ट असा चुरगळलेला, जसा काय तो त्यातच तीन दिवस राहत होता. (राहतच होता.) बायको बावीस कडक इस्त्रीचे गणवेश द्यायला आली होती, तीही थांबली.

मोठ्या बाईंनी भोंग्याचा बटर पेपर उलगडला. त्यांच्याकडे इमारतीचा बिल्डरने दिलेला नकाशा होता, त्याच मापाचा. त्यांनी पारदर्शक कागद नकाशावर ठेवला, मधोमध बसवला, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"हा हॉल," त्या म्हणाल्या, "माझ्या हॉलपेक्षा पाच फूट मोठा आहे. लांबीतही आणि रुंदीतही."

भोंगा वाकून पाहायला लागला. खरंच कागदावरचा हॉल नकाशातल्या हॉलच्या चारी बाजूंनी अडीच-अडीच फूट बाहेर आला होता. उजव्या भिंतीवरचा एक स्पीकर मोठ्या बाईंच्या ऑफिसमध्ये गेला होता, बरोबर त्यांच्या खुर्चीच्या डोक्यावर, तोंड त्यांच्याकडे. डावीकडचा स्वच्छतागृहात. मागचे दोन जिन्यात.

टायवाला खोकल्यासारखं करून हसला. भोंग्याने बायकोकडे पाहिलं आणि बायको पांढरी पडली, कारण तिच्या लक्षात आलं होतं. कापडाचा बेत उतरवला की शिंपी शिवणीच्या बाहेर अर्धा इंच जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. वीस वर्षांची सवय. तिने हॉललाही चारी बाजूंनी अर्धा इंच माया सोडली होती. आतली खरी भिंत तुटक रेघेने, बाहेरची ठसठशीत. आणि स्पीकर भिंतीवर असतात, म्हणून पेनाने पक्कं करताना तिने ते बाहेरच्या रेघेवर नेऊन बसवले होते.

आणि हे हाताने काढलंय, टायवाला म्हणाला. बायको हळूच म्हणाली की काढलं कॉम्प्युटरनेच, मी फक्त उतरवून घेतलं.

तेवढ्यावर भोंगा फुटला. चार दिवसांचा गिळलेला राग एकदम वर आला. तो कुणावर ओरडत होता ते त्यालाही ठरवता येईना, म्हणून हॉलवरच ओरडला. ओरडत ओरडत मागच्या भिंतीपर्यंत गेला. टेबलाजवळच्या कुणालाही एक शब्द कळला नाही. नुसता गडगडाट. मोठ्या बाई म्हणाल्या, काय म्हणताय, पुन्हा सांगा. तो आणखी जोरात ओरडला. आणखी काही कळलं नाही. मग टायवाला त्याला शांत व्हा म्हणून सांगायला लागला, तर टायवाल्याचंही कळेना.

भोंगा थांबला. घुमणं थांबेपर्यंत थांबला. मग पावलं मोजत टेबलापाशी आला आणि बोलला, हळू, त्याच्या मानाने.

"बाई, हे असं ऐकू येतंय. याला बारा स्पीकर लावले तर बारा ठिकाणांहून असं ऐकू येईल. या भिंती आवाज परत फेकतात. मागच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंना जाड पडदे लावा, मग चार स्पीकर पुरतात. चारच. मी सोमवारी टाळी वाजवली तेव्हाच कळलं होतं. ते कॉम्प्युटरवर कसं काढतात ते मला येत नाही."

मोठ्या बाई उठल्या, स्टेजवर गेल्या आणि तिथून काहीतरी म्हणाल्या. टेबलाजवळ कुणाला कळलं नाही. त्या परत आल्या आणि टायवाल्याला विचारलं की तुमच्या बारा स्पीकरांत पडदे कुठे आहेत. टायवाल्याने कागद उलटासुलटा केला. पडदे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळे घ्यावे लागतात, महिन्याला सातशे, ते त्याने घेतले नव्हते.

मग मोठ्या बाईंनी बटर पेपर पुन्हा हातात घेतला. त्या तुटक रेघेवरून बोट फिरवलं. "ही माया आहे ना?" त्यांनी बायकोला विचारलं. त्या स्वतःही शिवतात, हे कुणाला माहीत नव्हतं. बायकोने मान हलवली. बाई म्हणाल्या, स्पीकरचा म्हणून हा कागद चुकीचा आहे, पण पडद्यांचा म्हणून बरोबर आहे. दुमड घालायला जागा सोडलेली आहे, मापं तीच आहेत. मग त्यांनी गणवेशाच्या गठ्ठ्यातला एक सदरा उलटा करून शिवण पाहिली आणि विचारलं की पडद्यांचं कोटेशन कधी देता.

काम मिळालं. भोंग्याला घरी जाईपर्यंत खरं वाटेना. दुकान वाचलं, खुर्ची टळली. वाटेत त्याने मेहुण्याला फोन करून कळवलं, खालच्या आवाजात, कारण आता ओरडायचं काही कारण उरलं नव्हतं. मेहुणा म्हणाला, "आनंद आहे, दाजी. निघताना हॉलचे दिवे बंद केलेत ना?"

शाळेने एकच अट घातली. बिल एकाच नावाने पाहिजे, दोन दोन फाईली करायला क्लार्क तयार नाही. आणि रक्कम पडद्यांची मोठी, म्हणून बिल बायकोच्या नावाने. तिने ते संध्याकाळी टेबलावर बसून स्वच्छ अक्षरात लिहिलं. पडद्याचं जाड कापड, इतके मीटर. अस्तर. कड्या, दांड्या. शिलाई. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: इतर किरकोळ, स्पीकर चार, वायर, आणि बसवायचा माणूस एक.

भोंगा ती ओळ वाचत होता, तेवढ्यात फोन वाजला. तीच गोड आवाजाची मुलगी. फुकटचा आठवडा संपत आलाय सर, घेताय का, माहिती जरा पुन्हा भरून घेते. नाव झालं. कंपनीचं नाव विचारलं, त्याने बायकोचं सांगितलं. माणसं किती, तर दोन.

"आणि सर, आपलं पद?"

भोंग्याने पडद्याकडे पाहिलं. पलीकडे मशीन चालू होतं. त्याने बिल हातात घेतलं, नक्की काय लिहिलंय ते पुन्हा एकदा बघितलं, आणि म्हणाला, "लिहा. इतर किरकोळ."